फाशीची तारीख

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात लोक सकाळीच रुळांवर उतरले आणि संध्याकाळी लाठीमार होईपर्यंत हटले नाहीत. एका शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाला होता. आईबापांना तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवलं होतं, आणि दिवस उलटत चालले तरी कुणी जबाबदारी घेताना दिसत नव्हतं. गर्दीची मागणी एकच होती, ‘फाशी द्या’. कुणीतरी दोराचा फासही करून आणला होता. मी कल्याणला राहते. त्या दिवशी गाड्या बंद पडल्या म्हणून घरी थांबले आणि टीव्हीसमोरून उठले नाही. त्या लोकांचा राग खोटा होता असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

बरोबर तीन महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान होतं. मधल्या काळात ती मागणी रुळांवरून प्रचाराच्या व्यासपीठावर आली. आमच्या भागातल्या एका कोपरा सभेत मी भाजी घेऊन परतताना थांबले होते. पाणी, खड्डे, मेट्रो यांवर बोलून झालं, लोक मोबाईल बघत उभे होते. मग उमेदवार म्हणाले, आमचं सरकार आलं की असल्या नराधमांना सहा महिन्यांत फासावर चढवू. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, मोबाईल खाली आले. पक्ष कोणता ते सांगत नाही, कारण दुसऱ्या बाजूच्या सभेतही हेच वाक्य थोड्या फरकाने ऐकलं. तिथेही टाळ्या तेवढ्याच होत्या.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतोय. उमेदवाराची फाशीबद्दलची भूमिका काय आहे, हे बघून मत द्यावं का? नुसती ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. राज्याने माणसाचा जीव घ्यावा की नाही, याहून मोठा अधिकार आपण कुणाच्या हाती देत असतो?

माझं मत आधी सांगून टाकते. मी फाशीच्या विरोधात आहे. दयाबुद्धीपेक्षा त्यामागे जालना जिल्ह्यातलं एक प्रकरण आहे. जून २००३ मध्ये भोकरदन भागात एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला, कुटुंबातली पाच माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. पोलिसांनी सहा जणांना पकडलं. भटक्या जमातीतले मजूर, मागेपुढे बोलणारं कुणी नाही. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने सहा माणसं फासावर चढवा असं सांगून झालं होतं. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंमधून भलत्याच चार माणसांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा माग पोलिसांनी काढलाच नव्हता. या सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं तुरुंगात गेली. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला.

२०१० किंवा २०११ साली एखादा उमेदवार म्हणाला असता की ‘भोकरदनच्या नराधमांना अजून का लटकवलं नाही’, तर त्याला टाळ्या मिळाल्या असत्या. आणि त्याच्या हातात असतं तर ते सहाही जण आज नसते. ज्यांनी तो गुन्हा केला ते कुठे आहेत, त्या उद्ध्वस्त घराला न्याय मिळाला का, या प्रश्नांची उत्तरं मात्र तरीही कुणाकडे नसती.

पण फाशीचं समर्थन करणाऱ्या कुणालाच मत द्यायचं नाही असं ठरवलं, तर मतदान केंद्रावर जायचं कशाला? मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने २०१३ मध्ये फाशी रद्द करण्याची भूमिका घेतली. त्रिपुराच्या विधानसभेने २०१५ मध्ये तसा ठरावही केला. हे वगळलं तर आपल्याकडचे बहुतेक मोठे पक्ष फाशी असावी असं तरी म्हणतात किंवा मूग गिळून बसतात. कायद्याने ती शिक्षा आहे. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणात ती देता येते. या चौकटीत राहून कुणी म्हणत असेल की काही गुन्ह्यांना फाशीच हवी, तर ती एक विचारपूर्वक घेतलेली बाजू असू शकते. माझे वडील त्याच मताचे होते. पुण्यात जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांतले खून झाले तेव्हा ते पुण्यात शिकत होते. संध्याकाळी सातनंतर शहरातले रस्ते ओस पडायचे, दाराला आतून दुहेरी कड्या लागायच्या, हे सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज बदलायचा. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात त्या चार खुन्यांना फाशी झाली तेव्हा पुण्याने सुटकेचा श्वास टाकला, असं ते म्हणायचे. त्यांच्याशी मी भांडले, पण त्यांच्या मताला खोटं म्हणाले नाही.

माझा आक्षेप तारीख देणाऱ्या उमेदवाराला आहे. ‘कायद्यात फाशी असावी’ म्हणणं वेगळं आणि ‘या माणसाला मी सहा महिन्यांत लटकवीन’ म्हणणं वेगळं. पहिली गोष्ट आमदार-खासदाराच्या अधिकारातली आहे, कायदा करणं हे त्याचं कामच आहे. दुसरी त्याच्या हातात नाही आणि असूही नये. आरोपपत्र पोलीस दाखल करणार, खटला सत्र न्यायालयात चालणार, फाशी झाली तर उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अमलात येणार नाही, पुढे सर्वोच्च न्यायालय, मग फेरविचार. इतक्या पायऱ्या कशासाठी आहेत ते भोकरदनच्या प्रकरणाने दाखवलं, आणि तिथे इतक्या पायऱ्या चढूनसुद्धा चूक शेवटपर्यंत गेली होती. या सगळ्यांच्या वतीने जो तारीख देतो, तो एक तर खोटं बोलतोय किंवा या सगळ्यांना बाजूला सारायची त्याची तयारी आहे. यातलं दुसरं मला जास्त भीतीदायक वाटतं.

आणि भीती हवेतली नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात हैदराबादजवळ एका पशुवैद्यक तरुणीवर बलात्कार करून तिला जाळलं. ६ डिसेंबरच्या पहाटे चारही संशयित पोलिसांच्या गोळीबारात मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आठवड्याभरात शेजारच्या आंध्र प्रदेशाने ‘दिशा’ विधेयक मंजूर केलं, एकवीस दिवसांत निकाल आणि फाशी. आपल्याकडे त्याच धर्तीवर ‘शक्ती’ विधेयक आलं. डिसेंबर २०२० मध्ये मांडलं, वर्षभराने दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झालं. एकमताने, म्हणजे सत्ताधारी आणि विरोधक दोघेही. फौजदारी कायदा केंद्राच्याही अखत्यारीत असल्यामुळे राष्ट्रपतींची मंजुरी लागते. ती ना ‘दिशा’ला मिळाली ना ‘शक्ती’ला. मधल्या काळात हैदराबादच्या त्या गोळीबाराच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला. आयोगाचे अध्यक्ष होते आपल्या नागपूरच्या वकिलीतून वर गेलेले निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर. पोलिसांनी सांगितलेली चकमकीची हकिगत विश्वास ठेवण्याजोगी नाही, जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष त्यांनी २०२२ मध्ये दिला. त्या चारांपैकी तिघे अल्पवयीन होते, हेही त्यात होतं. फुलं उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अहवाल पाहिला असेल?

बदलापूरच्या आरोपीचंही तसंच झालं. २३ सप्टेंबर २०२४ ला तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीतच तो गोळी लागून मेला. एक-दोन दिवसांतच मुंबईत ‘बदला पूरा’ असे फलक लागले, त्यांवर तत्कालीन गृहमंत्र्यांच्या हातात पिस्तूल होतं. ऑगस्टमध्ये ‘फाशी द्या’ म्हणणाऱ्या विरोधकांनी आता ‘त्याला का मारलं’ म्हणून विचारायला सुरुवात केली, आणि विचारणाऱ्यांनाच आरोपीचे कैवारी ठरवलं गेलं. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने गाडीतल्या पाच पोलिसांवर ठपका ठेवला. निवडणूक तोवर होऊन गेली होती. त्या दोन मुलींचं काय झालं असेल याचा विचार करते तेव्हा मला वाटतं, खटला चालला असता तर शाळेत कुणाला काय माहीत होतं, कुणी काय दडपलं, हे साक्षीदारांच्या उलटतपासणीत बाहेर आलं असतं. ती शक्यता त्या गाडीत संपली.

लोकलच्या लेडीज डब्यात यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ठाण्याला उतरणाऱ्या एक काकू आहेत, वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, “तुझ्या पोरीच्या बाबतीत झालं असतं म्हणजे कळलं असतं.” असं विचारणाऱ्या काकू काही पहिल्याच नव्हेत. १३ ऑक्टोबर १९८८ ला अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादसभेत पहिलाच प्रश्न मायकेल डुकाकिस यांना असाच आला: तुमच्या पत्नीवर बलात्कार करून खून केला तर त्या खुन्याला फाशी द्यावी असं म्हणाल का? डुकाकिस शांतपणे ‘नाही’ म्हणाले, आयुष्यभर माझा याला विरोध आहे असं सांगितलं आणि आकडेवारीकडे वळले. माणूस थंड आहे, बायकोबद्दलही काही वाटत नाही, असं चित्र झालं, आणि त्यांच्या पराभवाच्या कारणांत हे उत्तर आजही मोजलं जातं.

काकूंना मी आकडेवारी दिली नाही. माझ्या मुलीला कुणी हात लावला तर मी त्याचा गळा धरेन, हे मी त्यांना सांगितलं. आई म्हणून मी काय करेन आणि राज्याने काय करावं यात अंतर असायलाच हवं, म्हणून तर न्यायाधीशाच्या खुर्चीवर आईला बसवत नाहीत. निर्भयाच्या आईने सात वर्षं न्यायालयांच्या पायऱ्या झिजवल्या, २० मार्च २०२० ला चौघांना फाशी झाली तेव्हा तिने समाधान व्यक्त केलं. तिला कोण काय बोलणार? तिच्या दुःखासमोर मी गप्प बसेन. मत मागायला आलेल्या माणसासमोर गप्प बसण्याचं मला काही कारण नाही. त्याचं दुःख उसनं आहे आणि तो त्यावर माझी सही मागतोय.

आमच्या त्या भांडणात खिडकीपाशी बसलेली एक नर्स मध्ये पडली. एका सरकारी रुग्णालयात काम करते. ती म्हणाली, फाशीचं तुम्ही बघा, आमच्याकडे काय होतं ते ऐका. मुलगी तपासणीला येते. डॉक्टर नमुने घेतात. कपडे आधी सावलीत वाळवायचे, मग प्लॅस्टिकऐवजी कागदाच्या पाकिटात घालायचे, नाहीतर बुरशी धरते. पाकिटावर लाखेचं सील, सह्या, फॉर्म. मग ते न्यायला पोलीस शिपाई यायचा असतो. तो येत नाही. आला तर पत्रावर शिक्का नसतो. तोवर सगळं फ्रिजमध्ये, आणि फ्रिज असतो लसींचा. प्रयोगशाळेचा अहवाल यायला किती दिवस लागतात विचारू नका. “खटल्यात वकील पहिलं हेच विचारतो, ताई, इतके दिवस हे कुठे होतं म्हणून.” मुलुंड आलं तरी आमच्या डब्यात कुणी बोललं नाही.

त्या नर्सचं बोलणं ऐकल्यापासून मी उमेदवारांची पत्रकं वेगळ्या डोळ्यांनी वाचते. ‘कठोरात कठोर शिक्षा’ सगळीकडे असते. न्यायवैद्यक प्रयोगशाळा, सरकारी वकिलांच्या रिकाम्या जागा, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) न्यायालयं, शाळेतली बाई तक्रार घ्यायला तयार आहे का, यावर एक ओळ नसते. शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या असाव्यात असा आदेश महाराष्ट्रात २०२२ पासून होता, बदलापूरनंतर सगळ्यांना तो आठवला. आणि फाशीचा धाक घरात कसा उलटा फिरतो तेही कुणी बोलत नाही. मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो: काका, शेजारी, शिकवणीचे सर. बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला २०१८ पासून फाशीची तरतूद आहे. पोरीने आजीला सांगितलं आणि तो आजीचाच मुलगा असला, तर त्याला फासावर पाठवायला आजी पोलीस ठाण्यात जाईल? ती पोरीचं तोंड दाबेल. निर्भयानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये बलात्काराला फाशी नको असं सांगितलं, ते स्त्रियांच्या चळवळीतल्या बायकांचं म्हणणं ऐकूनच. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून काही प्रकारांत ती आणली.

गंमत बघायची तर—नाही, गंमत हा शब्द इथे शोभत नाही. संतापाची गोष्ट ही की फाशीच्या बाबतीत निवडून आलेल्यांच्या हातात जे खरोखर असतं तेच ते करत नाहीत. दयेचा अर्ज राज्यपालांकडे आणि राष्ट्रपतींकडे जातो, पण ते दोघेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात. म्हणजे शेवटची सही ज्यांच्या सल्ल्याने होते ते आपणच निवडलेले असतात. आता पुण्याचं बघा. १ नोव्हेंबर २००७ ला रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या एका तरुणीला कंपनीच्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंजेजवळ नेऊन मारलं. दोघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कायम केली. दयेचे अर्ज २०१६ आणि २०१७ मध्ये फेटाळले गेले. मग फाशीचं वॉरंट निघायला २०१९ उजाडलं. २४ जून २०१९ ही तारीख ठरली आणि त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जुलैअखेर फाशीची पस्तीस वर्षांची कैद झाली, कारण सरकारी पातळीवर विनाकारण चार वर्षांहून जास्त काळ गेला होता. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली होती. जानेवारी २०२२ मध्ये तीही जन्मठेपेत बदलली, कारण तेच, दयेच्या अर्जावर सात वर्षांहून जास्त उशीर. या सगळ्या वर्षांत महाराष्ट्रात आणि दिल्लीत सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली. त्या माणसांना फाशी झाली नाही याचं मला वाईट वाटत नाही. पण डोक्यावर टांगती तलवार ठेवून माणसाला वर्षानुवर्षं कोठडीत ठेवणं आणि दुसरीकडे मुलीच्या आईबापांना ‘होईल, होईल’ म्हणत राहणं, हे दोघांवरही क्रूर आहे. सभेत सहा महिने म्हणणाऱ्यांच्या दप्तरात फाइल इतकी झोपते.

फाशी कुणासाठी मागितली जाते, हेही मी बघते. कोपर्डीत १३ जुलै २०१६ ला एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून केला, त्याने अख्खा महाराष्ट्र हादरला. त्यातून मराठा समाजाचे लाखोंचे मूक मोर्चे निघाले, शिस्तीत, एक घोषणा न देता. आरोपींना फाशी ही त्यातली पहिली मागणी होती. २९ नोव्हेंबर २०१७ ला अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. त्या निकालाचं स्वागत सगळ्या पक्षांनी केलं. त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्यातल्या खर्ड्याच्या खटल्याचाही निकाल लागला होता. २०१४ मध्ये एका दलित पोराला, शाळेत शिकणाऱ्या, एका मुलीशी बोलला म्हणून मारून झाडाला लटकवलं होतं. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि सगळे आरोपी सुटले. फाशी राहू दे, शिक्षाच नाही. त्यावर किती उमेदवार बोलले? खैरलांजीतल्या एका दलित कुटुंबातल्या चार खुनांत सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली होती, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेत बदलली. त्या घरातले भैयालाल भोतमांगे एकटे उरले होते, ते २०१७ मध्ये गेले. कोपर्डीच्या मुलीचं दुःख यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण जो उमेदवार एका गावासाठी फाशी मागतो आणि शेजारच्या गावासाठी साक्षीदारांना संरक्षणसुद्धा मागत नाही, त्याचा फाशीशी संबंध नाही, मतांच्या गठ्ठ्याशी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांशी बोलून अहवाल काढला. जवळपास तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतले होते. भोकरदनचे सहा जण त्या ओळीत नीट बसतात.

२०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर मध्यमधून उज्ज्वल निकम उभे होते. फाशी आणि जन्मठेपा मिळवून देणारे सरकारी वकील हीच त्यांची सगळ्या महाराष्ट्राला असलेली ओळख. त्यांनी कसाबचा खटला चालवला, ते न्यायालयाच्या चौकटीतलं काम होतं आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली, हे आपण वातावरणातली भावनिक लाट उलटवण्यासाठी सांगितलं होतं, तसं काही घडलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्या बिर्याणीवर मधली काही वर्षं किती भाषणं झाली ते आठवा. कसाबविरुद्ध पुरावा डोंगराएवढा होता, फाशीसाठी बिर्याणीची गरज नव्हती. मग ती कुणासाठी होती? आपल्यासाठी, ऐकणाऱ्यांसाठी. मी त्या मतदारसंघात असते तर त्यांच्या खटल्यांच्या यादीपेक्षा मला हा प्रश्न विचारावासा वाटला असता. ते सोळा हजारांवर मतांनी हरले, पुढे राज्यसभेवर नियुक्त झाले. ते फाशीच्या मुद्द्यावर हरले असं मी म्हणणार नाही. मुंबईत मतं इतक्या सरळ रेषेत पडत नाहीत.

उमेदवाराने लोकांच्या विरुद्ध जाऊन या विषयावर खरं बोलावं आणि तरीही निवडून यावं, असं होतं का? फ्रान्समध्ये झालं आहे. १९८१ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी, १६ मार्चला, फ्रान्स्वा मितराँ दूरचित्रवाणीवर म्हणाले की लोकांचं बहुमत फाशीच्या बाजूने आहे हे मला ठाऊक आहे आणि माझा सदसद्विवेक तिच्या विरोधात आहे. गिलोटीन तिथे तोवर कायद्यात होतं, १९७७ मध्ये शेवटचं वापरलं गेलं होतं. मितराँ मे महिन्यात निवडून आले. त्यांचे न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांनी सप्टेंबरात विधेयक मंजूर करून घेतलं आणि ऑक्टोबरात तो कायदा झाला. ज्यांनी मितराँना मत दिलं त्यांतल्या कितीतरी जणांना फाशी हवी होती. त्यांनी ती भूमिका ऐकली, पटली नाही, आणि तरी मत दिलं. मतदार इतका मोठा होऊ शकतो हे मला फार दिलासा देणारं वाटतं.

आपल्याकडेही बोलणारी माणसं होती. ३ जून १९४९ ला संविधान सभेत फाशीच्या अपिलांची चर्चा चालू असताना बाबासाहेब आंबेडकर म्हणाले की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणं मला जास्त पसंत आहे. त्याआधी, मार्च १९३१ च्या कराची अधिवेशनात, काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात देहदंड नसेल असं लिहिलं होतं. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांना २३ मार्चला लाहोरला फाशी होऊन जेमतेम आठवडा झाला होता. स्वातंत्र्य मिळालं, सत्ता आली, आणि ते कलम कराचीतच राहिलं. त्यामुळे जाहीरनाम्यातल्या एका ओळीवर, माझ्या बाजूच्या ओळीवरसुद्धा, मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही.

मतदानाच्या आधीच्या रविवारी एक उमेदवार आमच्या सोसायटीत आले. कार्यकर्त्यांनी खुर्च्या मांडल्या, औक्षण झालं. प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी उठले. मी विचारलं, “भाऊ, तुमच्या पत्रकात अत्याचार करणाऱ्यांना फाशी लिहिलंय. आपल्या शहरातल्या पोक्सोच्या खटल्यांसाठी सरकारी वकील किती आहेत आणि किती हवेत?” त्यांनी शेजारी बघितलं. शेजारच्याने मागे बघितलं. “ताई, माहिती घेऊन सांगतो,” ते म्हणाले. तेवढ्यावर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण मागून एक जण ओरडला, “वकील कशाला पाहिजे, गोळी घाला,” आणि ते उमेदवार हसले आणि त्यांनी मान डोलावली. त्यांचं नाव मी तिथेच खोडलं. पाण्याच्या टाकीचं काम त्यांनी केलं होतं, माणूस फोन उचलतो, तरीही.

राहिलेल्यांपैकी ज्याला मत दिलं तोही फाशीचा समर्थक आहे. त्याने कुणाची तारीख दिली नव्हती, आणि त्याच्या बोलण्यात महिला पोलीस उपनिरीक्षकांच्या रिकाम्या जागांचा एकदा तरी उल्लेख आला होता. त्याला मी निवडणुकीनंतर पत्र लिहिलं. दोन मुद्दे होते: रुग्णालयातले नमुने चोवीस तासांत प्रयोगशाळेकडे रवाना व्हावेत यासाठी कोण जबाबदार आहे, आणि फितूर होणाऱ्या साक्षीदारांना गावात राहता यावं म्हणून काय करणार आहात. पहिल्याचं उत्तर आलं, संबंधित विभागाकडे पाठवलं आहे असं. दुसऱ्याचं अजून यायचंय. पुढच्या महिन्यात त्यांचा जनता दरबार आहे, तेव्हा नर्सला रजा मिळाली तर आम्ही दोघी जाणार आहोत.